आधी वरचा मंत्र जातो

शिंपल्याचं एक बटण, दोन भोकांचं, एका कडेची कपची उडालेली.

किटली आटेपर्यंत शिट्टी मारत राहिली. बायको आतून आली, गॅस बंद केला.

"रक्त नाही, जखम नाही. फक्त हात लागला."

काचेची खोली. आत एक माणूस, कानांवर हेडफोन, हातात कळ. आवाज आला की दाबायची, नाही आला तर नाही.

रबराची तिरकी कापलेली पाचर, पियानोच्या पोटात, जिथं नसायला हवी तिथं.

"नेहमीसारखाच झकास लागलाय हो," हॉलचा व्यवस्थापक, फोनवर.

हात लागला तो रविवारी दुपारी. तो, त्याचा मेहुणा, त्याची मुलगी आणि दंतवैद्यबाई असे चौघं जण नेहमीसारखे बाईंच्या जेवणाच्या टेबलाभोवती बसले होते. खाली दवाखाना, वर घर. रविवारी जिन्यात लवंगेच्या तेलाचा वास तेवढा कामावर असायचा. दंतवैद्यबाई त्याची शाळेपासूनची मैत्रीण आणि या खेळातली सूत्रधार. आठवडाभर ती लोकांना आ करायला लावायची आणि रविवारी स्वतःचं तोंड उघडायची, ते दिवेलागणीपर्यंत मिटायची नाही. ती एक जग सांगायची, त्यातले डोंगर, पूल, तळघरं, आणि बाकीचे तिघं त्या जगात आपापलं माणूस घेऊन वावरायचे. आपला माणूस काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं ते वीस तोंडांचा फासा ठरवायचा. मेहुण्याचा तलवारबाज होता, त्याला सगळे पैलवान म्हणत. मुलीची चोरटी होती, तिचं नाव मांजर. आणि त्याचा स्वतःचा जादूगार. मंत्र ओठातल्या ओठात म्हणतो म्हणून मेहुण्यानं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं होतं: पुटपुट्या. पुटपुट्या इतक्या वर्षांत पायरी पायरीनं वर चढला होता. प्रत्येक पायरीवर नवे मंत्र, आणि प्रत्येक मंत्रासाठी एक बटण, सूत्रधाराच्या आईच्या शिवणाच्या डब्यातलं. मंत्र वापरला की बटण डब्यात जायचं, खेळातली सकाळ झाली की परत त्याच्यासमोर यायचं. खालच्या पायरीवरच्या मंत्रांना साधी शर्टाची बटणं, मग कोटाची, मग पितळी. सगळ्यांत वर हे एकच, शिंपल्याचं. बिनदाराची वाट. तो मंत्र एका दमात म्हटला की सोबतचे सगळे कुठल्याही भिंतीतून पलीकडे. तो हाताशी होता म्हणून तर ते त्या तळघरात उतरले होते, जिथलं दगडी दार मागून आपोआप बसलं आणि मेहुणा म्हणाला होता, बसू दे, आपल्याकडे भाऊजी आहेत.

तळघरात एक प्रेत होतं. त्याच्याकडे शस्त्र नव्हतं. ते नुसतं हात लावायचं. आधी पैलवानाला लागला, आणि सूत्रधार म्हणाली, एक पायरी खाली. मेहुण्यानं कागदावर काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, खांदे उडवले. "तलवार जरा जड झाली म्हणायची. चालायचंच." आणि पुढच्याच फेरीत त्यानं त्याच जड तलवारीनं प्रेताचा खांदा उतरवला. मग प्रेत वळलं.

"लागला," सूत्रधार फाशाकडे बघत म्हणाली.

"किती जखम?"

"रक्त नाही, जखम नाही. फक्त हात लागला. गार." आणि तिनं टेबलावरून वाकून दोन बोटांनी, सवयीच्या हलक्या झटक्यानं, शिंपल्याचं बटण उपटलं. "एक पायरी खाली."

"अगं, पण हा मंत्र मी वापरलाच नव्हता."

"म्हणून तर होता तिथं. नाहीतर मी काय उचललं असतं?"

"खालचं एखादं घे की. उजेडाचं घे. मशाली आहेत आपल्याकडे."

"तसं नसतं. पैलवानाचं बळ अंगभर पसरलेलं असतं, त्यातलं चिमूटभर गेलं तरी हात चालतो. जादूगाराचं सगळं एकावर एक रचलेलं. प्रेत वरून उचलतं. आधी वरचा मंत्र जातो."

"म्हणजे मी गाढव राहिलो ते बरंच झालं," मेहुणा म्हणाला. मुलगी हसली. मग पुन्हा त्याची पाळी आली. तीन भिंतींनी वेढलेले, प्रेत पुढ्यात. त्याचा हात टेबलावर पुढे सरकला आणि जिथं बटण असायचं तिथं बोटं टेकली. "बिनदाराची वाट," तो म्हणाला.

बोटांखाली टेबलाचं लाकूड होतं.

"तो तुझ्याकडे नाहीये आता," सूत्रधार म्हणाली. तिचा आवाज दवाखान्यातला झाला होता. "पाळी फुकट." प्रेताला शेवटी मांजरीनंच मागून लोळवलं, पण दार काही उघडेना. आणि सूत्रधारानं नेमका तिथंच खेळ थांबवला. नियम असा की खेळातला एक दिवस आणि एक रात्र जाऊ द्यायची, मग एकच फासा टाकायचा. चौदा किंवा वर पडले तर पायरी परत. खाली पडले तर गेलेली पायरी गेली, कायमची, मग पुन्हा पहिल्यासारखं घासत चढायचं. "पुढच्या रविवारी," ती म्हणाली आणि बटण स्वतःच्या स्वेटरच्या खिशात टाकलं. एरवी ती डब्यात टाकायची.

खेळात आजवर पुटपुट्या जळला होता, बुडाला होता, एकदा एका राणीनं त्याला बेडूक केलं होतं, आणि घरी जाताना तो त्यावर हसला होता. या वेळी बसमध्ये त्याला घाम फुटला. बोटांची चूक त्याला विसरता येईना. मंत्र गेला आहे हे समोर दिसत असताना बोटं तिकडे गेली, अगदी भरवशानं, आणि आपल्याला काही झालंय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मुलीनं ते बघितलं होतं. ती त्याच्या चेहऱ्याकडे न बघता त्याच्या हाताकडे बघत होती. बसचे दरवाजे बंद होताना एक बारीक पिपाणी वाजते, हे त्याला माहीत होतं. म्हणजे पूर्वी वाजायची. दरवाजे बंद झाले. शेजारच्या बाईनं कपाळाला आठ्या घातल्या, त्यावरून पिपाणी वाजली असावी.

तो पियानोचे सूर लावतो. लग्नाआधीपासून हेच काम. बहुतेक पट्ट्यांना तीन-तीन तारा असतात. दोन तारांमध्ये पाचर सारून त्यांना मुकं करायचं, तिसरी लावायची, मग एकेक पाचर काढत बाकीच्या तिच्याशी जुळवायच्या. दोन तारा जवळजवळ जुळल्या की त्यांच्यामध्ये एक लहर उठते, वाँव-वाँव-वाँव, मग किल्लीनं खुंटी केसभर फिरवत गेलं की ती लहर लांबत जाते, आणि एका क्षणी नाहीशी होते. सगळं काम हे, लहर नाहीशी करण्याचं. लहर नाही म्हणजे सूर लागला. आता वरच्या सप्तकात त्याला लहर ऐकू येत नव्हती, तर कामाच्या हिशेबानं तिथं सगळं बिनचूक होतं. हा विनोद त्याला पहिल्यांदा सुचला तेव्हा तो एकटाच हसला होता, एका अनोळखी दिवाणखान्यात, उघड्या पियानोसमोर.

त्या रविवारनंतरच्या सोमवारी कान तपासायला तो गेला तो किटलीमुळे. मळ साठला असेल, असं बायकोला सांगून गेला. काचेच्या खोलीत बसून त्यानं कळ दाबली, आवाज आला की दाबली, पुन्हा आला, दाबली, आणि मग आवाज बारीक होत वर चढत गेले तशी एक लय तयार झाली. बाहेर बसलेली कान तपासणारी मुलगी ठरावीक अंतरानं आवाज सोडत होती, आणि जन्मभर लयीवर जगलेल्या माणसाचा अंगठा ते अंतर धरून चालायला लागला. त्यानं लबाडी केली असं म्हणता येणार नाही. त्याला खरंच वाटलं की ऐकू आलं. जिना उतरताना एक पायरी जास्त आहे असं पायाला वाटतं आणि पाय ती उतरतोही, तसं. तपासणी संपल्यावर ती तपासणारी कागद बघत बसली. मग म्हणाली, "काका, काही वेळा मी आवाज सोडलाच नव्हता, तरी तुम्ही दाबलंत."

"ऐकू आला मला."

"नव्हताच हो काका. मशीनमध्ये दिसतं ना." तिनं हे रागावून म्हटलं नाही. एखाद्याच्या शर्टाला लागलेलं काही दाखवावं तसं म्हटलं. "येत्या शनिवारी परत या. निवांत करू."

म्हणजे शनिवारी एक परीक्षा आणि रविवारी एक, फाशाची.

ज्याच्या हाताखाली तो हे काम शिकला, तो म्हातारा त्याला त्या आठवड्यात फार आठवला. म्हातारा शेवटच्या काही वर्षांत वरचे सूर चढे लावायचा. अगदी थोडे चढे. खालचं सगळं मखमल, आणि वर गेलं की दातांखाली वाळू. हे शहरातल्या सगळ्यांना माहीत होतं, फक्त म्हाताऱ्याला सोडून. त्याच्यासमोर कुणी बोलायचं नाही. वा, बुवा, वा, असं म्हणून त्याला दारापर्यंत सोडायला यायचे आणि दार लावलं की आत हशा पिकायचा. मग बोलावणी कमी झाली. म्हातारा म्हणायचा, लोकांनी पियानो वाजवणं सोडलंय. मरेपर्यंत त्याला तेच वाटत होतं. त्यात वाईट काय होतं? म्हातारा सुखात गेला. पण तो हशा याच्या कानात राहिला होता, आणि तो सूर खालच्या सप्तकातला असल्यामुळे अजून स्पष्ट ऐकू यायचा. तशी वेळ आपल्यावर आलेली नाही, याचा पुरावा त्याच्याकडे एकच होता: तक्रार नाही. हॉल हे शहरातलं सगळ्यांत कडक गिऱ्हाईक. तिथं मोठमोठे वाजवणारे येतात, एक तार केसभर हलली तर आरडाओरडा करतात. गेला अख्खा हंगाम हॉलचा पियानो त्यानं लावला आणि कुणी ब्र काढला नाही. घरोघरच्या पियानोंचं सोडा, तिथं कोणाला कळतंय. पण हॉल काही बोलत नाही, म्हणजे अजून ठीक आहे. कान नसेल तर मनगट आहे. खुंटी किती फिरली हे मनगटाला कळतं. मनगट काय इतक्या लवकर विसरतं होय? हे मनात म्हणताना त्याला टेबलावर सरकलेली स्वतःची बोटं दिसली.

त्या आठवड्यात हॉलचं काम होतं. सकाळी दहाला तो गेला, पहारेकऱ्यानं मंचावरचे दिवे लावून दिले. रिकाम्या खुर्च्यांसमोर बसून काम करायला त्याला आवडायचं. मधली सप्तकं सुरेख लागली. लहर उठली, लांबली, विरली, प्रत्येक वेळी आज्ञाधारक मुलासारखी. तार खुंटीवर पक्की बसावी म्हणून लावून झाल्यावर पट्टीवर दणकट घाव घालायचे असतात, ते त्यानं घातले. मग वर. तिथून पुढं पट्टी दाबली की हातोडीचा लाकडी ठक ऐकू यायचा, आणि ठकच्या वर जिथं सूर असायला हवा तिथं एक पातळ जागा. जागा होती, ही गंमत. सूर तिथं आहे हे त्याला माहीत होतं, जसं पुटपुट्याला तळघरात बसून माहीत असणार की आपल्याला एक मंत्र येत असे. मंत्र असा नुसता गेला असता तर बरं. प्रेत मंत्र उचलतं आणि त्याचं कपाट मागं ठेवतं. तो मनगटानं वर चढत गेला. शेवटून तिसऱ्या पट्टीपाशी पाचर सारायला वाकला तर तिथं तारांलगतच्या कडेला आधीच एक पाचर पडलेली होती.

रबराची, तिरकी कापलेली, टोकाला चिमटीत धरायला खाच. बाजारात अशा मिळत नाहीत. गाडीच्या जुन्या रबरी पट्ट्या आणून तो स्वतः कापतो, ही खाच त्याच्या डोक्यातून निघालेली. मुलगी संगीतशाळेत शिकवायला लागली, तिथले पियानो स्वतःच लावायला लागली, तेव्हा तिलाही त्यानं असाच एक संच कापून दिला होता. ती लहानपणी पियानोखाली बसायची आणि या पाचरांची घरं बांधायची. त्यानं हातातली पाचर उलटसुलट करून बघितली. मागच्या खेपेला राहिली असणार. पियानोत पाचर विसरणं म्हणजे शिंप्यानं सुई कोटात ठेवून कोट द्यावा तसं. त्यानं पिशवी उपसली. त्याच्या सगळ्या पाचरा जागच्या जागी होत्या. म्हणजे ही जादाची. म्हणजे कधीतरी एक जास्त कापली आणि तेही लक्षात नाही. विसरायलाही लागलो, आणि मोजायलाही चुकायला लागलो. एक पायरी खाली, त्याखालची दुसरी. पाचर त्यानं पिशवीत टाकली, उरलेल्या पट्ट्या मनगटानं उरकल्या, झाकण लावलं. पहारेकऱ्यानं दिवे मालवले.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकाचा फोन. "काल वाजवणाऱ्या बाई एकदम खूश. म्हणाल्या, वरचे सूर काचेसारखे आहेत. नेहमीसारखाच झकास लागलाय हो."

"वरचे म्हणाल्या?"

"वरचेच. का हो?"

"काही नाही."

त्यानं फोन ठेवला. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही, आंघोळ करून येईपर्यंत टिकला. मग त्याला म्हाताऱ्याच्या मागं लागलेलं दार आठवलं, आणि दाराच्या आतल्या बाजूला हा व्यवस्थापक. पण बाई खोटं कशाला बोलतील? व्यवस्थापक कशाला? त्याच्यासाठी एवढा खटाटोप करण्याचं कुणाला काय पडलंय? बायकोनं विचारलं, काय पुटपुटताय? तो म्हणाला, मंत्र.

शनिवारी काचेच्या खोलीत तो पुन्हा बसला. कान तपासणारीनं या वेळी आवाजांची अंतरं वेडीवाकडी केली होती. लय धरायला गेलं की हातातून निसटायची. सुरुवातीचे आवाज आले, त्यानं दाबलं. मग ते चढत गेले, आणि मग काही येईना. अंगठा कळेवर होता. अंगठ्याला दाबायचं होतं. काचेपलीकडे ती मान खाली घालून काम करत होती. तिचा हात हलला की आवाज सुटला असणार, तेवढ्या अंदाजावर निम्मे गुण सहज मिळाले असते. त्यानं डोळे मिटून घेतले. आता आत काहीच नव्हतं. त्यानं वाट बघितली. शांततेत माणूस नक्की कशाची वाट बघतो, असं त्याच्या मनात आलं, आणि ती शांतता किती मोठी आहे हे त्याला पहिल्यांदा नीट दिसलं, दिवे लावलेल्या रिकाम्या हॉलसारखी, शेवटच्या रांगेपर्यंत. अंगठा त्यानं कळेवरून उचलला आणि मांडीवर ठेवला.

"काका, आज बरोबर केलंत," ती म्हणाली. कागदावरची रेघ डावीकडून सपाट आली होती आणि उजवीकडे कड्यावरून पडावी तशी खाली गेली होती. "हे परत येणार नाही. आहे ते जपायचं. काम काय करता तुम्ही?" त्यानं सांगितलं. तिनं विचारलं, पट्टीवर जोरात मारावं लागतं का? लागतं, तो म्हणाला. तारा पक्क्या बसायला. "त्यानंच झालंय," ती म्हणाली. "रोज थोडं थोडं."

रविवारी सूत्रधारानं फासा त्याच्यासमोर ठेवला. तळघरातली रात्र सरली होती. पैलवान भिंतीला टेकून घोरत होता, मांजर दगडांच्या फटी चाचपत होती.

"टाक बाबा," मुलगी म्हणाली.

"भाऊजी, जरा जपून," मेहुणा म्हणाला. "मला या तळघरातून सुटायला दुसरा मार्ग नाही. मला घरी बायकोही नाही रडायला."

"नाही टाकला तर?" त्यानं सूत्रधाराला विचारलं.

"टाकायलाच लागतो. गेला म्हणून नुसतं बसून राहता येत नाही. आणि राहिला म्हणूनही नाही."

त्यानं टाकला. फासा टेबलाच्या कडेपर्यंत गेला, डगमगला, थांबला. अठरा.

मेहुण्यानं टेबलावर अशी थाप मारली की डब्यातली बटणं उडाली. सूत्रधारानं खिशातून शिंपल्याचं बटण काढून त्याच्यासमोर ठेवलं. ते उबदार होतं. एवढं सोपं, त्याला वाटलं. वीस तोंडं, एक हात. त्यानं मंत्र म्हटला, एका दमात, ओठातल्या ओठात, आणि ते तिघं भिंतीतून पलीकडे निघाले. सूत्रधारानं त्यांना ओल्या गवतावर उभं केलं, समोर ऊन ठेवलं. सगळे खूश होते. तेव्हा तो म्हणाला, "मला वरचं सप्तक ऐकू येत नाही. काल पक्कं झालं. परत येणार नाही म्हणाली."

हे खेळातलं की खेळाबाहेरचं, हे समजायला टेबलाला थोडा वेळ लागला. मग मेहुणा खाकरला.

"ताईचा आवाज तर वरच्याच सप्तकातला," तो म्हणाला. "भाऊजी, चैन आहे तुमची."

सूत्रधारानं त्याच्याकडे रागानं बघितलं. पण तो स्वतःच हसला, आणि मग बाकीच्यांना हसता आलं. मुलगी हसली नाही. ती फासे एकावर एक रचत होती, आणि ते पडत होते.

"पुढल्या महिन्यात हॉलवर चल माझ्याबरोबर," तो तिला म्हणाला. "वरचं तू लाव."

त्याला वाटलं, ती विचारेल. कधीपासून, कसं, बोलला का नाहीस. त्याची उत्तरं त्यानं बसमध्ये तयार केली होती.

"आणि मधलं?" तिनं विचारलं.

"मधलं मीच."

"बरं," ती म्हणाली.

"पुढे नदी आहे," सूत्रधार म्हणाली. "पूल नाही. काय करता?"

पाचर मुलीची होती. गेला सगळा हंगाम तो हॉलवरून निघाला की ती मागून जायची आणि वरचं सप्तक पुन्हा लावून यायची.